लग्नाच्या खोलीतला काळा झगा

मी एक जुना काळा झगा आहे. अमेरिकेतल्या लिंडन फोर्क गावी, काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, तळमजल्यावर, चार नंबरच्या खिडकीमागे एक लहानशी खोली आहे. तिथल्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. आजवर हजाराहून जास्त लग्नं माझ्या साक्षीनं लागली. लग्नात काळं कशाला, असं माझ्या तोंडावर म्हणणारे पुष्कळ भेटले. मित्रांनो, मी कधी रागावलो नाही. पाचच मिनिटांत तीच माणसं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेत. अंगात अभिमान असू नये म्हणतात. पण माझ्या अंगात तो आहे, अगदी शिवणीशिवणीत आहे, आणि तो का आहे हे तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म इथून फार दूर, थंडीच्या मुलखातल्या एका शिवणकारखान्यात झाला. तिथे चर्चमध्ये गाणाऱ्यांचे, पदवीधरांचे आणि न्यायाधीशांचे झगे शिवत. माझं कापड लोकरमिश्रित, जाड आणि गर्द काळं होतं. मला शिवणाऱ्या बाईंनी माझ्या खांद्यांवर बारीक चुण्या घातल्या, बाह्या घोळदार ठेवल्या आणि आतल्या बाजूला, नमुन्यात नसलेला, रुमालासाठी एक खिसा लावला. "न्यायाधीशाला काय सर्दी होत नाही?" असं त्या शेजारणीला म्हणाल्या. मग माझी घडी झाली, मी खोक्यात बसलो आणि लिंडन फोर्कला आलो.

पहिली बारा वर्षं मी वरच्या मजल्यावर न्यायालयात काढली. मी ज्यांच्या अंगावर होतो ते न्यायाधीश सज्जन होते, पण ते काम फार जड होतं. मी दाराशी दिसलो की माणसं उठून उभी राहत आणि त्यांचे चेहरे उतरत. कुणी रडे, कुणी जमिनीकडे बघत राही. माझ्याकडे बघून कुणी हसल्याचं मला आठवत नाही. फक्त शुक्रवारची दुपार वेगळी असे. त्या दिवशी न्यायाधीश खाली येऊन दोन-तीन लग्नं लावत. त्या अर्ध्या तासात मला वाटायचं, आपल्याला शिवलं ते ह्यासाठीच.

न्यायाधीश निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंकडे स्वतःचा झगा होता आणि लग्नांसाठी वेळ नव्हता. मला खाली चार नंबरच्या खिडकीवर पाठवून दिलं. तिथे अर्सेलिया बुस्तोस नावाची चुणचुणीत कारकून बसत असे. लग्नाचा परवाना आणि कुत्रा पाळायचा परवाना, दोन्ही तीच देई. लोक परवाना घेत आणि विचारत, "आता लग्न कोण लावणार?" त्यांना साठ मैलांवरच्या शहराचा पत्ता देताना तिला ओशाळल्यासारखं होई. पीचच्या बागेत मजुरी करणाऱ्या माणसानं एका सहीसाठी दिवसभराचं काम बुडवायचं तरी कसं?

शेवटी अर्सेलियानं कायदा उघडून पाहिला. कचेरीनं शपथ दिली तर साधा नागरिकही लग्न लावू शकतो, असं त्यात होतं. तिनं वाचनालयाच्या फळ्यावर कागद लावला: 'लग्न लावायला स्वयंसेवक पाहिजेत. शुक्रवारी दुपारी दोन तास. पगार नाही. कॉफी मिळेल.' मतदानयंत्रं ठेवायची खोली तिनं झाडून घेतली, कागदी फुलांची कमान उभी केली आणि खुंटीवर मला टांगलं. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. चौथ्या आठवड्यात वर्ना टोलेफसन आली.

वर्नानं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नुकतीच ती त्या कामातून मोकळी झाली होती आणि घरी बसून तिला करमत नव्हतं. ती उंच होती, रुंद होती आणि तिच्या आवाजाला बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय होती. तिनं उजवा हात वर करून शपथ घेतली आणि माझ्या बाह्यांत हात घातले. मी तिला खांद्यांत थोडा घट्ट झालो.

"कशी दिसते गं मी?" तिनं विचारलं.

"न्यायाधीशासारख्या," अर्सेलिया म्हणाली.

"मग बदल काहीतरी. मला बघून त्या पोरांना कापरं नको भरायला."

अर्सेलियानं कमानीतलं एक पिवळं कागदी फूल काढून माझ्या छातीवर टाचलं. तेव्हापासून कुणी मला न्यायालयाचा समजलं नाही.

पहिल्या लग्नात वर्ना इतकी घाबरली होती, की माझी काख ओली झाली. वधूवर उभे राहिले, मागे सात पाहुणे उठले, आणि वर्नाच्या तोंडून खणखणीत निघालं, "खाली बसा! गाडी सुरू होतेय!"  मग नवरामुलगा हसत सुटला. "बाई, तुम्ही मला ओळखलं नाही. मी सतरा नंबरच्या थांब्यावर चढायचो." त्यानंतर सगळं सुरळीत झालं. पुढेही तिची एक सवय गेली नाही. लग्न सुरू करण्यापूर्वी ती मनातल्या मनात डोकी मोजून घ्यायची.

मित्रांनो, त्या खोलीत मी काय काय पाहिलं! अक्रोडाच्या बागेतून जेवणाच्या सुट्टीत आलेलं जोडपं, ज्यांच्या बुटांवरची माती अजून ओली होती. वीस वर्षं एकाच शाळेत शिकवणाऱ्या दोघी बाया, ज्या एकमेकींकडे बघून सारख्या रडत होत्या आणि रडतो म्हणून हसत होत्या. सैन्यात निघालेली वधू, जिनं अंगठी घालताना गणवेशाची बाही सारखी केली. स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी वर्ना अर्सेलियाकडून सगळी वाक्यं शिकली. एकदा 'तुम्ही हिला स्वीकारता का' म्हणायच्या ऐवजी ती 'तुम्ही हिला शिजवता का' असं काहीतरी म्हणाली. नवरा गंभीरपणे म्हणाला, "नाही बाई, स्वयंपाक तीच करते."

पण ज्या दिवसासाठी मी आजही मान ताठ ठेवतो, तो दिवस ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारचा आहे.

त्या दुपारी क्लेटस बार्नहार्ट नावाचे एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ चाकांची खुर्ची ढकलत आले. खुर्चीत ओडिलिया फाग्वंडेस बसल्या होत्या. त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. दोघं अडतीस वर्षं एकाच घरात राहत होती, पण त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. कारण ओडिलियाबाईंची एकच अट होती: आधी तंबाखू सोड. क्लेटस दर वर्षी सोडत आणि दर वर्षी पुन्हा गालात धरत. अखेर दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती खरोखर सोडली. "दोन वर्षं टिकव, मग बघू," असं बाईंनी सांगितलं. दोन वर्षं पुरी व्हायला एक महिना उरला असताना ओडिलियाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, आणि मान सतत आपोआप हलू लागली.

सोमवारी त्यांच्यावर मोठ्या शहरात शस्त्रक्रिया होणार होती. तिथे क्लेटसना आधीच विचारून झालं होतं, "तुम्ही रुग्णाचे कोण?" त्यावर त्यांना उत्तर देता आलं नव्हतं.

वर्नानं मला अंगावर चढवलं, डोकी मोजली आणि वाचायला सुरुवात करणार, तोच दारात क्रोगरसाहेब उभे राहिले. वेंडेल क्रोगर हे कचेरीचे नवे प्रमुख होते. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल टाकताना त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

"मिसेस टोलेफसन, थोडं थांबा," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्या बाई होकार कसा देणार?"

"मान हलवतेय की ती," क्लेटस म्हणाले.

"ती तर मघापासून हलतेच आहे. मी आत आलो तेव्हाही हलत होती."

ते खरं होतं. 

"तिच्या वतीनं मी बोलतो," क्लेटस म्हणाले. "अडतीस वर्षं घरात तीच बोलत आलीय. तिची सगळी उत्तरं मला पाठ आहेत."

"तसं नाही चालत, क्लेटस," वर्ना म्हणाली. "ज्याची हजेरी त्यानंच द्यायची."

क्रोगरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला वाईट वाटतंय. पण नियमात स्पष्ट होकार लिहिलाय. उद्या कुणी विचारलं, ह्या बाई हो म्हणाल्या ते कुणी ऐकलं, तर मी काय सांगू? आपण सोमवारनंतर बघू या."

"सोमवारनंतर?" क्लेटसचा आवाज चिरकला. "सोमवारनंतर ती असेल का, हे सांगा ना मला!"

ओडिलियाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सगळं समजत होतं. फक्त बाहेर काही येत नव्हतं. मी इतकी वर्षं माणसांच्या अंगावर राहिलो आहे. माणूस आतून कसा धडपडतो ते मला कळतं.

"साहेब, पाच मिनिटं द्या," वर्ना म्हणाली. "माझंही मत तुमच्यासारखंच आहे. तिच्या मनात नसेल तर मीही लग्न लावणार नाही. पण तिला विचारू तर द्या." मग ती वळली. "क्लेटस, तू बाहेर जा."

"मी? लग्न माझं आहे!"

"म्हणूनच."

क्लेटस कुरकुरत बाहेर गेले. अर्सेलियानं दार लावलं. वर्नाचे गुडघे दुखायचे, तरी ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. तिनं माझी डावी बाही ओडिलियाबाईंच्या डाव्या हातात दिली. तो हात थंड होता, पण पकड चांगली होती.

"ओडिलिया, 'हो' असेल तर बाही ओढ. 'नाही' असेल तर सोडून दे. आज शुक्रवार आहे?"

बाही ओढली गेली.

"बाहेर गेला त्याचं नाव हर्बर्ट आहे?"

बाही सुटली, आणि ओडिलियाबाईंनी वर्नाकडे असं पाहिलं, की तिच्या जागी मी असतो तर पुढचा प्रश्न विचारायला धजलो नसतो.

"तुला इथं कुणी बळजबरीनं आणलंय?"

हात माझ्यावरून उठला आणि सरळ मांडीवर पडला. वर्नानं पुन्हा बाही तिच्या बोटांत दिली.

"हे लग्न तुला हवंय?"

ओढ आली. सरळ, ठाम.

क्रोगरसाहेब दोन पावलं पुढे आले होते. वर्नानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मिस्कीलपणे विचारलं, "त्यानं तंबाखू खरंच सोडलीय?"

ओडिलियाबाई विचारात पडल्या. त्यांच्या ओठाचा चांगला असलेला कोपरा किंचित वर गेला. कितीतरी वेळानं बाहीला एक बारीक, अर्धवट ओढ मिळाली. अर्सेलिया खुदकन हसली. आणि क्रोगरसाहेबही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"बोलवा त्यांना आत," ते म्हणाले. "पण मिसेस टोलेफसन, मुख्य प्रश्न नीट, पूर्ण विचारा. उत्तर सगळ्यांना कळलं पाहिजे."

क्लेटस आत येऊन खुर्चीशेजारी उभे राहिले. वर्ना सगळं वाचत गेली, एक शब्दही न गाळता. क्लेटसनी 'स्वीकारतो' इतक्या मोठ्यानं म्हटलं, की बाहेर कुत्र्याच्या परवान्यासाठी आलेला कुत्रा भुंकला. मग वर्ना खाली वाकली आणि तिनं बाही पुन्हा ओडिलियाबाईंच्या हातात दिली.

"ओडिलिया फाग्वंडेस, क्लेटस बार्नहार्टला तू आपला पती म्हणून स्वीकारतेस का?"

मित्रांनो, तुम्ही म्हणाल कापडाला काय कळतं. पण त्या वेळी आलेली ओढ नुसत्या बाहीची नव्हती. अडतीस वर्षं लांबवलेलं, एका महिन्यानं हुकलेलं आणि गळ्यात अडकून बसलेलं सगळं काही त्या एका डाव्या हातात आलं होतं. माझ्या खांद्याची शिवण ताणली गेली. मी तग धरू शकलो असतो. माझी शिवण पक्की होती. पण कसं कोण जाणे, मला धरून ठेवावंसं वाटलं नाही.

'चर्रर्र!'

खांद्यापासून काखेपर्यंत मी फाटलो. आतून वर्नाचा नारिंगी स्वेटर दिसू लागला.  तो आवाज भिंतींना लागून परत आला असावा, इतका तो स्पष्ट होता.

सगळे क्रोगरसाहेबांकडे बघत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"ऐकू आलं," ते म्हणाले.  "मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. साक्षीदाराची सही मी करतो."

त्या संध्याकाळी अर्सेलियानं मला घरी नेऊन शिवलं. सोमवारी इस्पितळात क्लेटसनी विचारायची वाटही पाहिली नाही. "मी नवरा," असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. ओडिलियाबाई त्यातून वाचल्या. एप्रिलात क्लेटस दाखल्याची नक्कल घ्यायला खिडकीवर आले, तेव्हा सोबत बायकोच्या बहिणीनं भाजलेला गोड पाव होता. "बाई बोलायला लागलीय," ते म्हणाले. "पहिला शब्द काय काढला असेल? माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणते, 'तंबाखू?' "

"मग होती का खिशात?" अर्सेलियानं विचारलं.

"गोळ्या होत्या पेपरमिंटच्या! तुम्ही सगळ्या बाया एकाच शाळेत शिकलात काय गं?"

त्या वर्षापासून कचेरीच्या नियमावलीत एक ओळ आली. ज्याला बोलता येत नाही, त्याला विचारायची रीत त्यात लिहिली आहे: सोबतच्या माणसाला बाहेर पाठवावं, उलटसुलट प्रश्न करावेत, हातानं दिलेलं उत्तर ग्राह्य धरावं. ती क्रोगरसाहेबांनी स्वतः लिहिली. माझं नाव त्यात नाही. नसू दे.

पुढे साथीची वर्षं आली. कचेरीची दारं बंद झाली. लग्नं गाड्या लावायच्या पटांगणात होऊ लागली. वधूवर गाडीत बसत आणि वर्ना तोंडाला फडकं बांधून दहा हातांवरून विचारी. तिचा बसमधला आवाज तेव्हा फार उपयोगी पडला. शेजारच्या टपाल कचेरीतली माणसंसुद्धा टाळ्या वाजवत. पण उन्हात उभं राहणं तिला झेपेना. साथ ओसरली तेव्हा ती मुलीकडे आयडाहोला राहायला गेली. जाताना तिनं माझी कॉलर सारखी केली, पिवळं फूल काढून स्वतःच्या पाकिटात ठेवलं आणि म्हणाली, "अर्सेलिया, ह्याला हँगरवर ठेव हं. घडी घातली की ह्याचे खांदे पडतात."

पण लवकरच अर्सेलियाची दुसऱ्या विभागात बदली झाली. नव्या माणसांनी पुढे चेन असलेले, हलके, चमकदार झगे मागवले. माझी घडी झाली. ज्या खोक्यावर 'किरकोळ' लिहिलं होतं, त्यात जुन्या मतपत्रिकांच्या पाकिटांखाली मी चार वर्षं पडून होतो. उंदरानं माझी कॉलर कुरतडली. भिंतीपलीकडून मला टाळ्या ऐकू यायच्या. तेव्हा मी फार कष्टी व्हायचो, खोटं कशाला सांगू? फाटल्याचं मला कधी दुःख झालं नाही. विसरल्याचं झालं.

गेल्या फेब्रुवारीत, प्रेमाच्या सणाला, सव्वीस जोडप्यांनी वेळ घेतली होती. एकाच दिवशी पाच स्वयंसेवक आले आणि झगे चारच निघाले. अर्सेलिया आता लग्नाच्या विभागाची प्रमुख होऊन परतली होती. केस पिकले होते, पण चाल तीच होती. ती सरळ त्या खोक्याकडे आली.

"हा?" मागून कुणी तरी म्हणालं. "ह्याला उंदीर लागलाय."

"लागू दे. कॉलर आत दुमडते. हा काय आहे ते तुम्हाला माहीत नाही."

तिनं मला झटकलं, वाफ दिली आणि मायझोंग वांग नावाच्या बाईंच्या अंगावर घातलं. त्यांचे आईवडील दूरच्या डोंगराळ मुलखातून इथे येऊन वसले होते. मायझोंगनी तीस वर्षं दवाखान्यात रक्त काढायचं काम केलं होतं. त्या इतक्या ठेंगण्या होत्या, की मी जमिनीवर लोळू लागलो. अर्सेलियानं खालून टाचण्या लावल्या. मायझोंगचं काळीज माझ्या आत धडधडत होतं.

पहिलं जोडपं समोर आलं. दोघंही पांढरेफटक पडले होते. मायझोंगनी कागद उघडला, त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि कागद बाजूला ठेवून सवयीनं म्हणाल्या, "घाबरू नका हं. दीर्घ श्वास घ्या. लगेच होऊन जाईल." नवरीनं खरोखर श्वास घेतला. नवऱ्यानं बाही वर सारायला सुरुवात केली. मग तिघंही हसले आणि लग्न लागलं.

आता मायझोंग दर शुक्रवारी येतात. मला त्यांच्या मापाचं करून घेतलं आहे. माझा रंग काखेत विटला आहे, चुण्या सैल पडल्या आहेत.

मित्रांनो, मला कढत इस्त्री करू नका, घडी घालून दाबून ठेवू नका, एवढं तर मी मागेनच. पण माझी खरी विनंती त्याहून मोठी आहे. झगा कितीही जपला, तरी रिकामा झगा कुणाचं लग्न लावू शकत नाही. चार वर्षं खोक्यात पडून मी तेवढंच शिकलो. न्यायाधीश असो, बस चालवणारी असो, की सुई टोचणारी असो, माझ्या आत कुणीतरी लागतंच; खाली वाकून विचारणारं, आणि उत्तर येईपर्यंत थांबणारं. तुमच्या गावातही, कुठल्या ना कुठल्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात, असं एखादं काम खुंटीवर टांगलेलं असेल. मोठे झालात की कधीतरी दोन तास काढून जा, आणि त्याच्या बाह्यांत हात घाला.